पीसी बूट होताना नेटवर्क नाही, दोन मिनिटांनी सगळं ठीक : स्विचमध्ये नेमकं काय बघायचं?

तारायंत्र

नमस्कार मंडळी. संगणक कक्षातले जुने अनमॅनेज्ड स्विच काढून २४ पोर्टचे दोन मॅनेज्ड स्विच लावले आहेत. वर लेयर ३ चा कोअर स्विच आहे. डीएचसीपी सर्व्हर (मशिनांना आयपी पत्ते देणारा) आणि इमेजिंगचा सर्व्हर (सिस्टिमची तयार प्रत मशिनांवर टाकणारा) दोन्ही वेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच जाळ्याचे वेगळे कप्पे). एकूण ४० मशिनं : ३८ विंडोज (डोमेनमध्ये), २ लिनक्स. लक्षणं अशी :

पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून बूट करून, इमेज टाकायला गेलं की बहुतेक मशिनांवर "पीएक्सई-ई५१" येतो, म्हणजे डीएचसीपीकडून उत्तर नाही. तेच मशीन लगेच पुन्हा सुरू केलं तर कधी चालतं, कधी नाही.

विंडोज लवकर लॉगिन स्क्रीनवर येतं, पण लगेच लॉगिन केलं तर नेटवर्क ड्राइव्ह जोडले जात नाहीत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नेटलॉगॉनचा ५७१९ (डोमेनचा सर्व्हर सापडला नाही). थोडं थांबून लॉगिन केलं तर सगळं व्यवस्थित.

लिनक्सची दोन्ही मशिनं बूट होताना नेटवर्कची वाट बघत अडकतात.

केबली बदलून झाल्या, नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर नवे टाकले, बायोसही अपडेट केलं. मशीन चालू करताच स्विचवरचा लाइट लागतो. मग घोडं अडतंय कुठे?

पॅकेटपंत

लाइट लागला म्हणजे पोर्ट उघडला असं नाही. केबलमध्ये सिग्नल आहे एवढंच तो सांगतो. लाइट हिरवा आहे की अंबर ते बघा. सिस्कोच्या कॅटालिस्ट स्विचवर अंबर म्हणजे लिंक आहे, पण पोर्ट अजून फ्रेम पुढे पाठवत नाहीये. मशीन चालू केल्यावर अर्धा मिनिट अंबर राहून मग हिरवा होत असेल, तर निदान तिथेच झालं : स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचा लूप (गोल फेरा) टाळणारी स्विचमधली व्यवस्था.

जुन्या ८०२.१डी पद्धतीत लिंक आली की पोर्ट आधी १५ सेकंद लिसनिंगमध्ये, मग १५ सेकंद लर्निंगमध्ये राहतो आणि त्यानंतर फॉरवर्डिंगला जातो. पहिले ३० सेकंद पीसीकडून आलेली प्रत्येक फ्रेम टाकून दिली जाते.

आता पीएक्सईचा हिशोब मांडा. कार्डातला पीएक्सई रॉम डिस्कव्हर (डीएचसीपीकडे पत्त्याची मागणी) पाठवतो आणि ४ सेकंद थांबतो. उत्तर नाही म्हणून पुन्हा पाठवतो, ८ सेकंद थांबतो. मग १६, मग ३२. म्हणजे डिस्कव्हर निघतात ० ला, ४ ला, १२ ला आणि २८ ला. पोर्ट उघडतो ३० ला. दार उघडायच्या आत पाहुणा चार हाका मारून गप्प बसला! पुढची ३० सेकंद पोर्ट उघडा असतो, रॉम वाट बघत असतो, पण पाचवा डिस्कव्हर कोणी पाठवत नाही. साठाव्या सेकंदाला ई५१.

"कधी चालतं, कधी नाही" याचं उत्तरही यातच आहे. लिंक आल्यावर पहिला डिस्कव्हर निघायला काही कार्डांना दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्या फरकाने चौथा डिस्कव्हर ३० च्या पलीकडे गेला की काम होतं, अलीकडे राहिला की नाही. अनमॅनेज्ड स्विचमध्ये स्पॅनिंग ट्रीच नव्हती, म्हणून आजवर हे दिसलं नाही.

निळी_केबल

+१. खात्री करायला सोपी युक्ती : एखादा साधा पाच पोर्टचा अनमॅनेज्ड स्विच पीसी आणि मॅनेज्ड स्विचच्या मध्ये लावा, मिनिटभर थांबा आणि मग पीसी बूट करा. पीसी कितीही वेळा लिंक पाडो, मॅनेज्ड स्विचला दिसणारी लिंक त्या छोट्या स्विचची असते आणि ती पडत नाही. म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगमध्येच राहतो. असं केल्यावर पीएक्सई लगेच चाललं तर केबल, कार्ड, ड्रायव्हर, सर्व्हर सगळे निर्दोष.

ही फक्त चाचणी आहे. "चाललं ना, राहू दे तसंच" करू नका.

दोन_रुपये_कमी

एवढा खटाटोप कशाला? स्पॅनिंग ट्री बंद करून टाका. एका कक्षात काय लूप होणार आहे?

पॅकेटपंत

@दोन_रुपये_कमी, लूप नेमका अशाच ठिकाणी होतो. भिंतीवरच्या दोन सॉकेटांमध्ये एकच पॅच केबल कोणीतरी "मोकळी लोंबत होती" म्हणून खोचतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये टीटीएलसारखी फेऱ्यांची मर्यादा नसते, त्यामुळे एक ब्रॉडकास्ट फ्रेम अनंतकाळ फिरत राहते, दर फेरीला तिच्या प्रती वाढतात, आणि काही क्षणांत दोन्ही स्विच आणि कोअर आडवे. कक्षाचा प्रश्न सोडवायला जाऊन सगळी इमारत बसेल.

स्पॅनिंग ट्री चालूच ठेवायची. ज्या पोर्टवर पीसी आहे त्याला फक्त सांगायचं की "तुझ्यामागे स्विच नाही, थांबू नकोस". सिस्कोत याला पोर्टफास्ट म्हणतात, बाकी ठिकाणी एज पोर्ट.

इंटरफेस रेंज गिगाबिट १/०/१ - २४
स्विचपोर्ट मोड अॅक्सेस
स्विचपोर्ट अॅक्सेस व्हीलॅन २०
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट
स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल

(व्हीलॅनचा आकडा तुमचा घाला. नव्या आवृत्त्यांत "पोर्टफास्ट"च्या पुढे "एज" लावावं लागतं.)

दुसरी ओळ गाळू नका. पोर्ट डायनॅमिक मोडवर राहिला तर लिंक आल्यावर आधी ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारा पोर्ट) व्हायचं का याची बोलणी होतात, त्यात आणखी काही सेकंद जातात. आणि पोर्ट चुकून ट्रंक झालाच तर साधा पोर्टफास्ट त्यावर लागूच होत नाही. आयपी फोन किंवा व्हर्च्युअल मशिनांसाठी मुद्दाम ट्रंक ठेवलेला पोर्ट असेल तर त्याला "पोर्टफास्ट ट्रंक" असं वेगळं सांगावं लागतं.

बीपीडीयू गार्ड ही पोर्टफास्टची जोडीदारीण (बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच पाठवतात तो निरोप). एकीला दुसरीशिवाय लावू नये. तिच्यामुळे त्या पोर्टवर कोणी स्विच लावला, किंवा वर म्हटलेली केबल खोचली, तर पोर्ट तत्काळ एरर-डिसेबल, म्हणजे बंद, होतो.

अपलिंकला, म्हणजे २५ च्या पुढच्या एसएफपी पोर्टांना, यातलं काही लावू नका.

शून्य_एक

ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचे स्विच आहेत त्यांच्यासाठी : अरुबा-प्रोकर्व्हवर "स्पॅनिंग-ट्री १-२४ अॅडमिन-एज-पोर्ट". ज्युनिपरवर प्रोटोकॉल्स आरएसटीपीखाली त्या इंटरफेसला "एज". स्वस्त वेब-मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्रीच्या पानावर प्रत्येक पोर्टसमोर "एज" किंवा "फास्ट लिंक" असा रकाना असतो. त्याच पानावर खाली "सेव्ह" वेगळं असतं, "अप्लाय" केलं म्हणजे सेव्ह झालं असं नाही.

तारायंत्र

लाइट खरंच अंबर राहतो, मोजला तर तीसच्या आसपास. निळी_केबल यांची चाचणीही केली, छोटा स्विच मध्ये लावल्यावर पीएक्सई पहिल्या फटक्यात चाललं.

एक शंका. स्विचवर "रॅपिड-पीव्हीएसटी" मोड (स्पॅनिंग ट्रीचा वेगवान प्रकार) आधीपासून चालू आहे. रॅपिड असताना ३० सेकंद का लागावेत?

पॅकेटपंत

हा गैरसमज सगळीकडे आहे. रॅपिडचा वेग दोन स्विचमधल्या बोलण्यातून येतो : एक प्रस्ताव पाठवतो, दुसरा मान्य करतो, पोर्ट लगेच उघडतो. पीसी या प्रस्तावाला उत्तरच देत नाही, कारण त्याला ती भाषा येत नाही. मग स्विच मुकाट्याने जुन्या घड्याळावर येतो : १५ अधिक १५. एज पोर्ट म्हणून सांगितलेलं असेल तरच रॅपिडमध्ये पीसीचा पोर्ट तत्काळ उघडतो. अरुबासारख्या काही स्विचवर ऑटो-एज असतं, तिथे साधारण ३ सेकंद बीपीडीयू ऐकू आला नाही की पोर्ट आपोआप एज ठरतो. सिस्कोच्या कॅटालिस्टवर स्वतः सांगावं लागतं.

तपासायला "शो स्पॅनिंग-ट्री इंटरफेस गिगाबिट १/०/५". टाइपच्या रकान्यात "पी२पी एज" दिसलं पाहिजे. नुसतं "पी२पी" दिसलं तर पोर्टफास्ट लागलेला नाही.

रॅकखालचा

एक भर. बूट होताना लिंक एकदाच पडते असं समजू नका. पीसी चालू झाल्यावर एकदा, पीएक्सई रॉमने कार्ड ताब्यात घेतल्यावर एकदा, विनपीई (इमेज टाकायला वापरतात ते छोटं विंडोज) किंवा लिनक्स कर्नलचा ड्रायव्हर लोड झाल्यावर पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी स्पॅनिंग ट्रीचं घड्याळ शून्यापासून. म्हणून काही ठिकाणी पीएक्सईने फाइल उतरते, विनपीई सुरू होतं, आणि तिथे "सर्व्हर सापडत नाही". लोक मग विनपीईत ड्रायव्हर घालत बसतात. विनपीईत कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग बघा : १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल तर ड्रायव्हर लागलाय आणि डीएचसीपी हुकलाय. पत्त्याची ओळच नसेल तर ड्रायव्हर नाही. अर्ध्या मिनिटाने आयपीकॉन्फिग /रिन्यू करून पत्ता मिळाला तर दोष पोर्टचा.

तारायंत्र

पोर्टफास्ट आणि गार्ड दोन्ही स्विचवर लावले. पहिल्या स्विचवरची विंडोज मशिनं एकदम सुधारली. दुसऱ्या स्विचवर मात्र फरक नाही. तिथे "पी२पी एज" दिसतंय, तरी ई५१ कायम. विंडोजमध्ये पत्ता मिळायला साधारण दीड मिनिट लागतं. आणि लिनक्सची दोन मशिनं आता नेटवर्कवरून पूर्ण गायब!

शून्य_एक

लिनक्सचं नंतर बघू, त्याचं उत्तर लॉगमध्ये असणार. आधी दीड मिनिट.

नेमके ९० सेकंद असतील तर ते ८०२.१एक्स आहे, म्हणजे मशिनाची ओळख पटल्याशिवाय पोर्ट न उघडणारी पद्धत. दुसऱ्या स्विचवर "डॉट१एक्स" आणि "मॅब" दोन्ही चालू आहेत का ते रनिंग कॉन्फिगमध्ये बघा. स्विच पीसीला ओळख विचारतो आणि ३० सेकंद थांबतो (टीएक्स-पीरियड). उत्तर नाही आलं की आणखी दोनदा विचारतो. ३० गुणिले ३ म्हणजे ९०. त्यानंतर मॅक पत्त्यावरून ओळखायचा प्रयत्न, म्हणजे मॅब. पीएक्सई रॉमला ८०२.१एक्स येत नाही, त्यामुळे तो या ९० सेकंदांत केव्हाच हार मानून बसलेला असतो.

तारायंत्र

बरोबर, दुसऱ्या स्विचच्या सगळ्या पोर्टांवर "ऑथेंटिकेशन ऑर्डर डॉट१एक्स मॅब" आहे. दुसऱ्या एका विभागातलं टेम्प्लेट चिकटवलेलं दिसतंय. टीएक्स-पीरियड १० केला तर पुरेल?

शून्य_एक

१० गुणिले ३ म्हणजे पुन्हा ३०. पॅकेटपंतांचा ०-४-१२-२८ वाला हिशोब परत लावा, फिरून तिथेच याल. ३ वर आणला तर पीएक्सई चालेल, पण हळू सुरू होणारं विंडोज प्रमाणपत्र दाखवायच्या आतच ती मशिनं विनाकारण मॅबवर जाऊ शकतात.

क्रम उलटा करा, प्राधान्य तसंच ठेवा :

ऑथेंटिकेशन ऑर्डर मॅब डॉट१एक्स
ऑथेंटिकेशन प्रायॉरिटी डॉट१एक्स मॅब

पहिलं पॅकेट येताच मॅक पत्ता तपासला जाईल आणि पीएक्सईला वाट मिळेल. पुढे विंडोजने स्वतःहून ओळख दिली की प्राधान्यामुळे ८०२.१एक्स वरचढ ठरेल. अर्थात मॅक पत्ते रेडियस सर्व्हरवर (ओळख तपासणाऱ्या) नोंदलेले हवेत. मॅबने आत आलेल्या मशिनाला फक्त इमेजिंगचा सर्व्हर दिसेल एवढीच परवानगी द्या. मॅक पत्ता कोणीही नक्कल करू शकतो, तेव्हा मॅबवर पूर्ण भरवसा ठेवू नये.

दुसरा रस्ता "ऑथेंटिकेशन ओपन" आणि पोर्टवर ओळख पटण्याआधी लागू होणारी एसीएल (काय जाऊ द्यायचं त्याची यादी). तिथे एक खड्डा आहे. लोक एसीएलमध्ये डीएचसीपी आणि टीएफटीपीचा (पीएक्सई ज्याने फाइल उतरवतं त्याचा) पोर्ट ६९ उघडतात आणि खूश होतात. टीएफटीपीत फक्त पहिली मागणी ६९ वर जाते, सर्व्हर उत्तर एका नव्याच पोर्टवरून देतो आणि पुढच्या सगळ्या पोचपावत्या त्या नव्या पोर्टला जातात. एसीएल त्या अडवते. फाइल मागितली जाते, पहिला तुकडाही येतो, आणि गाडी तिथेच थांबते. म्हणून पोर्टचा आकडा न घालता इमेजिंग सर्व्हरच्या आयपीकडे जाणारं सगळं यूडीपी उघडा.

अर्धविराम

विंडोजच्या बाजूनेही एक बघा. वायर्ड प्रोफाइलमध्ये फक्त "वापरकर्ता" ओळख निवडली असेल तर लॉगिनच्या आधी नेटवर्कच नाही. डोमेन कंट्रोलर दिसत नाही, कॉम्प्युटरची ग्रुप पॉलिसी लागत नाही, लॉगिन होतं ते साठवलेल्या पासवर्डवर. आणि नवा माणूस त्या मशिनावर लॉगिनच करू शकत नाही. "वापरकर्ता किंवा संगणक" हा पर्याय हवा. तसंच वायर्ड ऑटोकॉन्फिग ही सेवा मुळात मॅन्युअलवर असते, ती ऑटोमॅटिक करा.

५७१९ साठी ग्रुप पॉलिसीत दोन सेटिंगं आहेत. एक, संगणक सुरू होताना आणि लॉगिनला नेटवर्कची नेहमी वाट बघा (अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, लॉगॉन). दुसरं, स्टार्टअप पॉलिसीसाठी किती वेळ थांबायचं (सिस्टिम, ग्रुप पॉलिसी). दुसऱ्याची मूळ मर्यादा ३० सेकंद, ती ६० करता येते. एसएसडीमुळे विंडोज इतक्या झपाट्याने वर येतं की स्विचवर दोन-चार सेकंदांचा उशीर राहिला तरी टोचतो, म्हणून पहिलं सेटिंग लावून ठेवावंच. दुसरं मात्र स्विच दुरुस्त केल्यावरही गरज उरली तरच. नाहीतर दोष झाकला जातो आणि प्रत्येक मशीन रोज मिनिटभर उशिरा उठतं.

निळी_केबल

लिनक्सच्या दोन मशिनांबद्दल : स्विचवर "शो इंटरफेसेस स्टेटस एरर-डिसेबल्ड" चालवा. कारणाच्या रकान्यात काय आहे?

तारायंत्र

दोन्हींसमोर "बीपीडीयूगार्ड". पण त्या केबलींवर दुसरा कुठलाही स्विच नाही, सरळ मशिनात जातात.

निळी_केबल

स्विच मशिनाच्या आत आहे. त्यांवर व्हर्च्युअल मशिनं चालतात का? म्हणजे "बीआर०" नावाचा ब्रिज? ब्रिज म्हणजे मशिनातला सॉफ्टवेअरचा स्विच. नेटवर्कमॅनेजरने बनवलेल्या ब्रिजमध्ये एसटीपी (स्पॅनिंग ट्री) मुळातच चालू असते आणि फॉरवर्ड डिले १५. तो ब्रिज बाहेर बीपीडीयू पाठवतो, तुमच्या गार्डने तो ऐकला आणि पोर्ट बंद केला. गार्डने आपलं काम चोख केलं.

गंमत म्हणजे तो ब्रिज स्वतःही १५ अधिक १५ सेकंद थांबतो. म्हणजे जुन्या स्विचवरही ही मशिनं अर्धा मिनिट नेटवर्कविना असणारच. स्विचवर हजार पोर्टफास्ट लावा, हा उशीर जाणार नाही.

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय बीआर० ब्रिज.एसटीपी नो

मग ते कनेक्शन खाली-वर करा. डेबियनच्या जुन्या पद्धतीची इंटरफेसेस फाइल वापरत असाल तर "ब्रिज_एसटीपी ऑफ" आणि "ब्रिज_एफडी ०". मशिनाला एकच केबल असेल तर एसटीपी बंद ठेवण्यात धोका नाही. दोन केबली एकाच ब्रिजमध्ये असतील तर थांबा, आधी बाँड करा (दोन्हींची मिळून एक जोडणी). आणि हे सगळं मशिनासमोर बसून करा, पोर्ट बंद आहे तोवर दुरून शिरता येणार नाही. त्यानंतर स्विचवर त्या पोर्टला शटडाउन, नो शटडाउन.

विंडोजमध्येही दोन कार्डं निवडून "ब्रिज कनेक्शन्स" केलं की हेच होतं, तो ब्रिजसुद्धा एसटीपी बोलतो.

रॅकखालचा

लिनक्स "वाट बघतं" त्याबद्दल. सिस्टिमडी-अॅनालाइझ ब्लेम चालवा. सर्वांत वर "नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन" असेल तर त्याची कमाल मर्यादा ६० सेकंद, "सिस्टिमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन" असेल तर १२०. दुसऱ्यात स्विचचा संबंध नसलेला एक प्रकार वारंवार भेटतो : मशिनाला दोन कार्डं, दुसऱ्यात केबलच नाही, आणि सिस्टिमडी त्याचीही वाट बघतंय. नेटप्लॅनमध्ये त्या कार्डाखाली "ऑप्शनल: ट्रू" लिहिलं की संपलं.

एफएसटॅबमध्ये एनएफएस माउंट (नेटवर्कवरचे फोल्डर) असतील तर "_नेटडेव्ह" आणि "नोफेल" आहेत का ते बघा. "नोफेल" नसेल तर सर्व्हर सापडेपर्यंत किंवा माउंट ९० सेकंदांनी हार मानेपर्यंत बूट त्याची वाट बघत राहतं.

अर्धविराम

सर्व्हरवाल्यांसाठी जाता जाता : दोन पोर्ट एलएसीपीत बांधलेले (मिळून एक जोडणी केलेले) असतील तर पीएक्सईला एलएसीपी येत नाही, स्विच दोन्ही पोर्ट सस्पेंड करून बसतो आणि सर्व्हर कधीच बूट होत नाही. नेक्ससवर "नो एलएसीपी सस्पेंड-इंडिव्हिज्युअल", अरिस्टावर "एलएसीपी फॉलबॅक", ज्युनिपरवर एका पोर्टला "फोर्स-अप". अरिस्टाच्या फॉलबॅकची मूळ मुदत ९० सेकंद आहे, ती कमी केली नाही तर फॉलबॅक लावल्याचा उपयोग शून्य.

तारायंत्र

मॅबचा क्रम बदलला, लिनक्सच्या ब्रिजची एसटीपी बंद केली. दोन्ही लिनक्स मशिनं झपकन वर आली. दुसऱ्या स्विचवरचं पीएक्सईही चाललं, पण तीन मशिनं उरली. त्यांना आता पत्ता मिळतो, पुढे "पीएक्सई-ई५३, बूट फाइलचं नाव मिळालं नाही". आणि एका विंडोज मशिनावर "आयपी पत्त्याचा संघर्ष" असा संदेश येतो, पत्ता १६९.२५४ चा.

पॅकेटपंत

ई५१ वरून ई५३ वर आलात हीच प्रगती. ई५३ म्हणजे डीएचसीपीने पत्ता दिला, पण "कुठली फाइल" हे कोणीच सांगितलं नाही. ती तीन मशिनं वेगळ्या व्हीलॅनमध्ये आहेत का? कोअरवर त्या व्हीलॅनच्या इंटरफेसला "आयपी हेल्पर-अॅड्रेस" (मागणी दुसऱ्या व्हीलॅनमधल्या सर्व्हरकडे पोचवणारी ओळ) किती आहेत ते बघा. डीएचसीपी आणि इमेजिंग हे दोन वेगळे सर्व्हर असतील तर हेल्परही दोन लागतात. पहिला पत्ता देतो, दुसरा "फाइल माझ्याकडे आहे" म्हणतो.

दुसरा हेल्पर न देता डीएचसीपीतले पर्याय ६६ (बूट सर्व्हर) आणि ६७ (बूट फाइल) भरण्याची पद्धत आहे. मला ती आवडत नाही. ६७ मध्ये एकच फाइल लिहिता येते. जुन्या बायोसच्या मशिनाला वेगळी फाइल लागते, यूईएफआयला वेगळी. मशीन आपला प्रकार पर्याय ९३ मध्ये सांगतं (० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय), पण ६७ मध्ये ठोकून लिहिलं की त्याकडे कोणी बघत नाही.

शून्य_एक

संघर्षाच्या संदेशाबद्दल. इव्हेंटमध्ये "०.०.०.० या पत्त्याशी संघर्ष" असं काही आहे का? असेल तर दुसरं मशीन शोधत फिरू नका, ते नाहीच. स्विचवर आयपी डिव्हाइस ट्रॅकिंग चालू आहे, आणि ते ८०२.१एक्सबरोबर येतंच. लिंक वर आली की स्विच त्या पत्त्यावर कोणी आहे का हे ०.०.०.० या उगमाच्या एआरपीने (पत्ता कोणाचा हे विचारणाऱ्या पॅकेटने) विचारतो. नेमकं त्याच क्षणी विंडोजही अशाच एआरपीने "हा पत्ता कोणाचा आहे का?" विचारत असतं. स्विचचा प्रश्न ऐकून विंडोजला वाटतं, आणखी कोणी हाच पत्ता मागतंय. मिळालेला पत्ता ते सोडून देतं.

आयपी डिव्हाइस ट्रॅकिंग प्रोब डिले १०

लिंक आल्यावर स्विच १० सेकंद गप्प राहतो, तोवर विंडोजचं विचारून झालेलं असतं.

तारायंत्र

इव्हेंटमध्ये ०.०.०.० च होतं. डिले लावल्यावर गेलं. त्या तीन मशिनांचा व्हीलॅन वेगळा निघाला, तिथे एकच हेल्पर होता. दुसरा टाकला, चाललं.

डीएचसीपी स्नूपिंगही (खोट्या डीएचसीपी सर्व्हरची उत्तरं अडवणं) लावायचा विचार आहे. आता लावलं तर पुन्हा काही बिघडेल का?

रॅकखालचा

क्रम चुकला तर नक्की बिघडेल. स्नूपिंग चालू करताच सगळे पोर्ट अविश्वासू ठरतात आणि अविश्वासू पोर्टावरून आलेली ऑफर फेकून दिली जाते. म्हणून आधी अपलिंकवर "आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट", मग व्हीलॅन सांगा, आणि शेवटी "आयपी डीएचसीपी स्नूपिंग".

दुसरं, पर्याय ८२ (मागणी कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टवरून आली ती माहिती). सिस्कोचा अॅक्सेस स्विच स्नूपिंग सुरू होताच डिस्कव्हरमध्ये ८२ घुसवतो, पण रिलेचा पत्ता शून्यच ठेवतो. वरचा कोअर असं पॅकेट संशयास्पद म्हणून टाकून देतो. लक्षण : स्नूपिंग लावल्याबरोबर सगळ्यांचे नवे पत्ते बंद, ज्यांच्याकडे आधीचा आहे ते मुदत संपेपर्यंत मजेत. ८२ लागत नसेल तर अॅक्सेस स्विचवर "नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फॉर्मेशन ऑप्शन".

पोर्टवर रेट लिमिट लावणार असाल तर फार कमी ठेवू नका. मर्यादा ओलांडली की पोर्ट एरर-डिसेबल.

निळी_केबल

वेक ऑन लॅन (बंद मशीन नेटवर्कवरून चालू करणं) वापरत असाल तर पोर्टचा वेग ऑटोच ठेवा. बंद मशिनाचं कार्ड वीज वाचवायला १० किंवा १०० वर उतरतं. पोर्ट १००० ला बांधला असेल तर बंद अवस्थेत लिंकच नाही, जादूचं पॅकेट जाणार कुठे? एका बाजूला १०० फुल ठोकलेलं आणि दुसरी बाजू ऑटो हा त्याहून वाईट प्रकार : ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्स धरते आणि इमेज मुंगीच्या पावलाने उतरते. काउंटरमध्ये एका टोकाला लेट कोलिजन, दुसऱ्या टोकाला सीआरसी दिसले की हेच समजा.

तारायंत्र

ऑटोच आहे. शेवटचा प्रश्न : बीपीडीयू गार्डने बंद केलेला पोर्ट आपोआप उघडावा म्हणून "एररडिसेबल रिकव्हरी कॉज बीपीडीयूगार्ड" लावू का?

पॅकेटपंत

कक्षातल्या दोन्ही स्विचवर लावा. मूळ मुदत ३०० सेकंद आहे, तीच ठेवा. केबल चुकीची खोचलेली असेल तर दर पाच मिनिटांनी पोर्ट उघडेल, पुन्हा बीपीडीयू ऐकेल, पुन्हा बंद होईल. लूप होणार नाही, लॉग तेवढा भरेल. ३० सेकंदांवर आणू नका, लॉगमध्ये बाकी काही सापडणार नाही. सिस्कोत ही मुदत पोर्टनिहाय बदलता येत नाही, सगळ्या कारणांना आणि सगळ्या पोर्टांना एकच लागते. म्हणून ज्या स्विचवर सर्व्हर आहेत तिथे रिकव्हरी लावू नये. सर्व्हरच्या पोर्टवर बीपीडीयू आला तर तो का आला हे बघूनच माणसाने पोर्ट उघडावा.

आणि दोन्ही स्विचवर "राइट मेमरी" करा. आतापर्यंतचे सगळे बदल फक्त रनिंग कॉन्फिगमध्ये आहेत.

अर्धविराम

वीज जाऊन आली की मशिनं स्विचच्या आधी उठतात, तेही धरून चला. बायोसमध्ये "वीज आल्यावर चालू" ठेवलं असेल तर पीसी अर्ध्या मिनिटात वर आणि स्विच अजून आपलं सॉफ्टवेअर उलगडतोय, त्याला चार-पाच मिनिटं सहज लागतात. स्विचला यूपीएस द्या, किंवा बायोसमध्ये ते बंद करून स्विच वर आल्यावर वेक ऑन लॅनने मशिनं उठवा. बूटच्या क्रमात पीएक्सई पहिलं असेल तर तेही खाली ढकला. नाहीतर प्रत्येक मशीन आधी आयपीव्ही४ वर, मग आयपीव्ही६ वर वाट बघून मगच डिस्ककडे वळेल.

तारायंत्र

राइट मेमरी केलं. पीएक्सई चाळीसही मशिनांवर खाली ढकलतो, इमेजिंगच्या वेळी एफ१२ ने निवडू. दोन्ही स्विच यूपीएसवर घेतोय.